परतीची वाट

फुलसावंगीतल्या एखाद्या विद्यार्थिनीला तिचा गृहपाठ ३१ जानेवारी २०२५ च्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत पाठवायचा होता, असं समजा. ‘मूडल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीच्या पोटात ही मुदत अशी लिहिलेली असते: १७३८३४८१४०. महिना नाही, वार नाही, रात्रही नाही. १ जानेवारी १९७० ची ग्रिनिचमधली मध्यरात्र उलटल्यापासून मोजत आणलेले हे सेकंद आहेत, मधे अधूनमधून घातलेले लीप सेकंद सोडून. आपलं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून फुलसावंगीत अकरा एकोणसाठ होतात तेव्हा या हिशोबात संध्याकाळचे सहा एकोणतीस झालेले असतात. प्रणाली बसवणाऱ्याकडून वेळेचा पट्टा ग्रिनिचचाच राहून गेला, तर तिची मुदत दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास संपेल. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा राहिला, तर रात्री साडेनऊलाच दार बंद!

पर्थचं नाव उगाच घेतलेलं नाही. तिकडे जायचंच आहे.

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं गाव. इथल्या मुलांचं विद्यापीठ अमरावतीला, रस्त्याने जवळजवळ दोनशे किलोमीटरवर. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झालं. नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ पासूनचं, नाशिकचं, म्हणजे चारशेहून जास्त किलोमीटर दूर. एखादं विद्यापीठ जेव्हा जाहीर करतं की येत्या सत्रापासून आपण नव्या एलएमएसवर, म्हणजे मूडलसारख्या शिकण्या-शिकवण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर जाणार, तेव्हा अशा गावात ती बातमी ‘पोर्टल बदललं’ एवढ्या दोन शब्दांत पोचते. मग जुना पासवर्ड चालत नाही, ओटीपी येत नाही, लिंक उघडत नाही. या सगळ्या कटकटीखाली एक विलक्षण यंत्रणा दडलेली आहे, आणि कटकटीमुळे तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

एलएमएस म्हणजे मुळात तक्ते. मूडलमध्ये असे शेकडो आहेत. एका तक्त्यात तुमचं नाव एकदाच लिहिलेलं असतं; बाकी सगळीकडे तुम्ही म्हणजे एक क्रमांक. दुसऱ्या तक्त्यात अभ्यासक्रम. तुम्ही त्या अभ्यासक्रमात आहात, म्हणजे तिसऱ्या एका तक्त्यात दोन क्रमांकांची गाठ मारलेली एक ओळ आहे. ती ओळ पुसली की तुम्ही वर्गाबाहेर! तुमचे गुण, तुमची उत्तरं, तुमचं नाव सगळं जागच्या जागी असतं, फक्त गाठ सुटलेली असते. आणखी एका तक्त्यात प्रत्येक टिचकीची नोंद: कुणी, काय, कुठे, कितव्या सेकंदाला. वर्गात मास्तर फळ्याकडे वळले की मागच्या बाकावर काय चाललंय ते त्यांना कळत नाही. या तक्त्याला कळतं. अर्थात त्यालाही एवढंच कळतं की पान उघडलं गेलं. वाचलं की नाही, आणि वाचून डोक्यात काय शिरलं, यासाठी कुठलाच रकाना अजून कुणाला बनवता आलेला नाही.

फायलींची गोष्ट तर आणखी मजेची. मूडल तुमची फाइल तिच्या नावाने ठेवतच नाही. फाइलमधल्या सगळ्या मजकुराचं गणित करून चाळीस चिन्हांचा एक ठसा काढला जातो, आणि फाइल त्या ठशाच्या नावाने कप्प्यात जाते. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. मजकूर तोच असेल तर फाइलला नाव काहीही द्या, ठसा तोच येतो. याचा एक परिणाम शिक्षकांना सहसा माहीत नसतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरलेली एकच पीडीएफ चाळीस मुलांनी आपापल्या नावाने चढवली, तर सर्व्हरच्या डिस्कवर तिची प्रत एकच ठेवली जाते. चाळीस नोंदी त्या एका प्रतीकडे बोट दाखवत उभ्या. नक्कल पकडावी असा यंत्राचा हेतू नाही, त्याला फक्त जागा वाचवायची असते.

पण या साऱ्या तक्त्यांमध्ये खरं काम एकाच गोष्टीचं आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख. शिकवणं दूरवर पोचवणं कठीण नव्हतं. पुस्तक पोचतं, रेडिओ पोचतो, व्हिडिओ तर धो धो पोचतो. विद्यार्थ्याचं उत्तर परत कसं आणायचं, ते कुणीतरी बघायचं कसं, आणि ‘इथे चुकलं’ हे त्याला सांगायचं कसं, हा गेल्या शंभर वर्षांतला दूरशिक्षणाचा अवघड भाग. एलएमएस हे या परतीच्या वाटेचं यंत्र आहे.

ही वाट आपल्याकडे १९५६ मध्ये एकदा फार सुंदर रीतीने बांधली गेली होती. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, नाशिक, अहमदनगर, कोल्हापूर अशा पश्चिमेकडच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत ‘रेडिओ शेतकरी मंडळं’ चालवली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून शेतीवरचा कार्यक्रम ऐकत. तिथवर नवं काही नव्हतं. नवं होतं ते कार्यक्रम संपल्यावर: मंडळी चर्चा करत, शंका लिहून पुण्याला धाडत, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून ऐकू येत. गावाकडे जाताना आकाशवाणी, परत येताना टपाल. यातून गावांची माहिती किती वाढली याचा रीतसर अभ्यास झाला आणि जगभरच्या विकासतज्ज्ञांनी तो वाचला. ज्या गावांत मंडळं होती तिथल्या लोकांची जाण नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा कितीतरी जास्त वाढली होती. रेडिओ दोन्हीकडे होता, फरक बसून बोलण्याचा आणि विचारण्याचा होता.

त्याच दशकात ऑस्ट्रेलियात तीच गोष्ट मुलांसाठी घडत होती. तिथल्या ओसाड अंतर्भागात गुरांचे वाडे एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर. आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या तंत्रज्ञाने १९२० च्या दशकाअखेर पायाने पॅडल मारून वीज तयार करणारा रेडिओ बनवला होता, तो तिथल्या उडत्या डॉक्टरांना बोलावण्यासाठी घरोघरी बसला. ॲडिलेड मिथके या शिक्षिकेच्या मनात आलं, की मुलं डॉक्टरशी बोलू शकतात तर मास्तरांशी का नाही? १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झालं. सुरुवातीला तिथेही धडे एकतर्फीच जात. थोड्याच काळात प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ जोडावी लागली, आणि मग ती शाळा खऱ्या अर्थाने शाळा झाली.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वाढलेला मार्टिन डुगियामास नावाचा एक मुलगा अशाच आकाशातल्या शाळेत शिकला. वर्ग म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओची खरखर. पुढे तो पर्थच्या कर्टिन विद्यापीठात संगणकाच्या कामाला लागला. तिथे त्याच्याकडे ‘वेबसीटी’ ही प्रणाली सांभाळण्याचं काम होतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग यांनी १९९५ च्या सुमारास ती रचली होती, आणि नंतर तिची कंपनी झाली होती. डुगियामासला ती पुरेशी वाटेना. शिकवणारा वरून ओततो आणि शिकणारा खाली झेलतो, हे तिचं रूप त्याला खटकत होतं. माणसं एकमेकांसाठी काही घडवताना शिकतात, या विचारावर तो पीएचडीचं काम करत होता. २० ऑगस्ट २००२ रोजी त्याने मूडलची १.० आवृत्ती जगापुढे ठेवली, फुकट आणि खुल्या परवान्याने. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी. फुलसावंगीपासून पर्थ सरळ रेषेत सुमारे सात हजार किलोमीटर. मला यातलं सर्वांत थक्क करणारं हे वाटतं, की जगातल्या लाखो वर्गखोल्यांचं हे यंत्र एखाद्या मोठ्या शहरातल्या गजबजलेल्या वर्गाला पाहून सुचलेलं नाही. ज्याला वर्गच मिळाला नव्हता अशा माणसाने ते केलं.

संगणकाने शिकवण्याची हौस त्याहून जुनी आहे, हे इथे सांगायला हवं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये ‘प्लेटो’ सुरू केली. पहिल्या प्लेटोवर एका वेळी एकच विद्यार्थी बसू शकत असे, समोर टीव्हीचा पडदा. तिच्यासाठी पडदे शोधता शोधता १९६४ मध्ये त्या मंडळींनी प्लाझ्मा पडद्याचाच शोध लावला. नंतर आपल्या दिवाणखान्यांत भिंतीवर चढलेल्या प्लाझ्मा टीव्हीचं मूळ हे असं वर्गात आहे.

आता बदलाकडे येऊ. २००५-०६ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड’ या अमेरिकी कंपनीने वेबसीटी १८ कोटी डॉलरला विकत घेतली आणि हळूहळू ते नाव मिटलं. जगभरच्या विद्यापीठांना हलावं लागणार हे तेव्हाच दिसलं. त्याच सुमारास, २००५ मध्ये, ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने निर्णय घेतला, की आपण मूडलवर जायचं आणि त्यावर सुमारे ५० लाख पौंड खर्चायचे. दीड लाखाहून जास्त विद्यार्थी, सगळे घरी बसून शिकणारे. आपल्याकडच्या मुक्त विद्यापीठांना दिशा देणारी ही संस्था. राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली नाशिकला ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा समोर ठेवलेल्या नमुन्यांत ती होती. ज्या संस्थेचा सारा कारभार टपाल, पुस्तकं आणि बीबीसीच्या रात्रीच्या कार्यक्रमांवर चालत आला होता, तिने एका वाळवंटात वाढलेल्या माणसाने फुकट दिलेली प्रणाली उचलावी, याची त्या वेळी बरीच चर्चा झाली.

महाराष्ट्रातल्या लहान गावांना एलएमएसची पहिली ओळख विद्यापीठातून झालीच नाही. ती झाली एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या केंद्रात. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झालं, एमएस-सीआयटी २००२ मध्ये आलं, आणि बस स्टँडजवळच्या गाळ्यात, पंख्याखाली, ओळीने ठेवलेल्या संगणकांवर एका पिढीने पहिल्यांदा ‘लॉगिन’ केलं. त्या केंद्रात बसून एमकेसीएलच्या ‘इरा’ या प्रणालीवर सत्र पुरं करणारी मुलं एलएमएसच वापरत होती, कुणी त्यांना हे नाव सांगितलं नसलं तरी. विद्यापीठांच्या प्रवेशांचा आणि परीक्षांचा बराच कारभारही पुढे एमकेसीएलच्या चौकटीत आला. आता ती चौकटही हलते आहे: दिल्ली विद्यापीठात विकसित झालेल्या केंद्र सरकारच्या ‘समर्थ’ प्रणालीकडे राज्यातली विद्यापीठं सरकत आहेत, आणि मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी २०२४ मध्ये तिच्यावर गेली. ‘समर्थ’ शिकवत नाही, कारभार बघते. पण विद्यार्थ्याच्या फोनवर हे सगळं एकच ‘पोर्टल’.

अशा स्थलांतरात काय काय घडतं? मजकूर सहज हलतो. धड्याच्या फायली, चित्रं, प्रश्नपेढ्या यांची गाठोडी बांधायला ठरलेले नमुने आहेत. ‘स्कॉर्म’ नावाचा त्यातला एक नमुना अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने आला, कारण सैन्याला एकाच विषयाचे धडे प्रत्येक यंत्रासाठी नव्याने बनवून घ्यायचे नव्हते. हलत नाहीत ती नाती. जुन्या प्रणालीत तुम्ही क्रमांक ४५१२ होता, नव्या प्रणालीत ८८ आहात. तुम्ही विचारलेल्या शंकेखाली एका मैत्रिणीने दिलेलं उत्तर, त्यावर सरांनी टाकलेली एक ओळ, हे सगळं जुन्या क्रमांकांच्या गाठींनी बांधलेलं होतं. प्रत्येक गाठ सोडून नव्या क्रमांकांनी पुन्हा मारायची, तर खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. म्हणून बरीच विद्यापीठं धडे नेतात, गुणांची प्रत काढून ठेवतात, आणि संभाषण जुन्या प्रणालीत ठेवून काही काळाने तिला कुलूप घालतात. म्हणजे जी परतीची वाट या यंत्राचा प्राण आहे, नेमकी तीच मागे राहते. मला हे अनाकलनीय वाटतं, पण हिशोबाच्या वहीत धड्यांची किंमत लिहिता येते, शंकांची नाही.

वाट तुटली की काय होतं, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सगळ्या राज्याला दाखवलं. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत एका फटक्यात सगळ्या विद्याशाखांना लागू झाली. लाखो उत्तरपत्रिका, तपासनीसांचं अपुरं प्रशिक्षण, निकाल महिनोन्महिने लांबलेले, काही उत्तरपत्रिका सापडेनात. शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. पडद्यावर तपासणं ही कल्पना वाईट नव्हतीच. तिच्यासाठी एक मोसम थांबायची तयारी नव्हती.

आपल्या मराठीची एक वेगळीच अडचण या वाटेवर आहे, आणि तिच्यात जरा रमायला हरकत नाही. नव्वदच्या दशकात मराठी टंकलेखन सुरू झालं ते युक्तीने. संगणकाला इंग्रजी अक्षरंच साठवता येत होती, म्हणून ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’, ‘श्रीलिपी’सारखे फाँट आत इंग्रजी अक्षर ठेवत आणि वर देवनागरी आकार काढत. डोळ्यांना ‘क’ दिसे. संगणक आपला काहीतरी लॅटिन अक्षर धरून बसलेला. अशा फाँटमध्ये जमवलेली दहा-पंधरा वर्षांची प्रश्नपेढी नव्या एलएमएसमध्ये चढवली, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा, कंसांचा अगम्य चिवडा उमटतो. फाँटचा मुखवटा तिथे नाही, मुद्दल तेवढं उघडं पडलं. दुसरीकडे पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांनी भारतीय लिप्यांचं प्रमाणीकरण घडवलं होतं. त्याच्याच आधाराने युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरं मिळाली. तिथे ‘क’ म्हणजे ‘क’च, सोळाच्या पायातल्या मोजणीत ०९१५ क्रमांकाचा, फाँट कोणताही असो. ‘ळ’ला ०९३३.

युनिकोड आलं म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. शेतीच्या अभ्यासक्रमातला एक प्रश्न घ्या: कापसाच्या झाडाला वऱ्हाडात काय म्हणतात? उत्तर लिहा. विद्यार्थिनी लिहिते, ‘पऱ्हाटी’. शंभर टक्के बरोबर. प्रणाली म्हणते, चूक. कारण आपला हा मिशीसारखा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो. एक, त्याच्यासाठी राखलेलं ०९३१ क्रमांकाचं घर वापरून. दुसरा, साधा ‘र’, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, भिंगातून पाहिलं तरी. यंत्र आकार बघत नाही, आकडे बघतं, आणि आकडे वेगळे. शिक्षकाने उत्तर एका कीबोर्डवर लिहिलं आणि मुलीने दुसऱ्या कीबोर्डवर, की ती नापास! ‘ॲप’चंही तसंच. ‘ॲ’ला स्वतःचं घर २००८ मध्ये मिळालं, त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र काढून भागवत, आणि अजूनही कित्येक कीबोर्ड तेच करतात. जगाच्या प्रणाली बनवणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. ज्या भाषेत ‘वऱ्हाड’ हे प्रांताचं नावच दोन प्रकारांनी साठवलं जातं, त्या भाषेच्या शिक्षकाने दोन्ही उत्तरं आधीच भरून ठेवायची असतात.

नावांचा घोळ तर विचारायलाच नको. बाहेरून आलेल्या प्रणालींना पहिलं नाव आणि शेवटचं नाव एवढंच कळतं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा. लग्नानंतर पुन्हा शिकायला लागलेल्या सुनेचं बारावीचं नाव एक आणि आधारवरचं दुसरं. जुन्या आणि नव्या प्रणालीची नावं जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी त्या दोन बायका आहेत, आणि त्यातली एक कधी बारावी झालेलीच नाही. म्हणून विद्यापीठं पीआरएनला, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकाला, इतकं जपतात. आडनाव, पत्ता, मोबाइल, सगळं बदलतं. तो लांबलचक क्रमांक तेवढा आयुष्यभर चिकटून राहतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या श्रेयांकांच्या बँकेचा खटाटोपही शेवटी हाच आहे, माणसाला एका क्रमांकाशी कायमचं बांधायचं, म्हणजे त्याने कुठेही शिकलेलं त्याच्याच खात्यात पडेल. २०१७ मध्ये आलेल्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून आज पदवीच्या एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवता येतात. ते श्रेयांक आपल्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेपर्यंत चालत यायचे, तर वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर तोच माणूस ओळखला जायला हवा.

आता गावाच्या टोकाची, अगदी शारीरिक म्हणावी अशी अडचण. लहान गावात राहणाऱ्या कुणालाही हा अनुभव असेल: फोनवर व्हिडिओ छान चालतो, पण गृहपाठाचे चार फोटो चढवायला गेलं की चक्र फिरत राहतं. सर्व्हरला शिव्या पडतात. बऱ्याचदा दोष भौतिकशास्त्राचा असतो. मोबाइलचा मनोरा दहा-वीस-चाळीस वॉटच्या ताकदीने बोलतो. तुमच्या हातातला ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटने उत्तर देतो. त्याहून जास्त त्याच्या बॅटरीला आणि तुमच्या डोक्याला परवडत नाही. मनोऱ्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो तेव्हा तुमचा त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही, फरक पन्नास ते दोनशे पटींचा आहे. मनोरे गावापासून जितके लांब, तितका हा फरक बोचतो. ज्ञानगंगा घरोघरी येते ती उताराने. उत्तर परत जातं ते चढाने. एकदा ते काचेच्या तारेत शिरलं की मात्र कमाल आहे: प्रकाश तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे अमरावतीचं अंतर एका हजारांश सेकंदाचं. सगळा संघर्ष त्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरचा आहे.

फुलसावंगीचं नाव ऑगस्ट २०२१ मध्ये देशभर वाचलं गेलं, ते एका तरुणामुळे. आठवीनंतर शाळा सुटलेला, पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणारा, चोवीस वर्षांचा. यूट्यूबवर बघून, साठवलेल्या पैशांतून आणि गॅरेजमधल्या हत्यारांनी त्याने एका माणसाचं हेलिकॉप्टर जवळजवळ पुरं केलं होतं. रात्री चाचणी घेताना शेपटाचं पातं तुटून मुख्य पात्यावर आदळलं आणि ते त्याच्या डोक्याला लागलं. तो वाचला नाही. त्याच्याकडे बुद्धी होती, चिकाटी होती, आणि हजारो व्हिडिओ होते, म्हणजे खाली येणारं सगळं होतं. आपलं काम परत कुणाकडे धाडावं, आणि शेपटाच्या पात्याची जोडणी बघून कुणीतरी ‘थांब, हे आधी तपास’ म्हणावं, अशी वाट त्याच्या फोनमध्ये कुठेच नव्हती. यूट्यूबवर खाली टिप्पणी लिहिता येते. तिला गृहपाठ तपासणं म्हणत नाहीत. कोणत्याही एलएमएसने त्याला वाचवलं असतं असं म्हणणं खोटं होईल. पण शिकवणं आणि दाखवणं यांतला फरक विचारला, तर मला दुसरं उदाहरण सुचत नाही.

म्हणून नवं पोर्टल आलं की त्याचा रंग, त्याचे व्हिडिओ, त्याचं ॲप कितीही देखणं असो, आधी बघायचं ते हे: नेटवर्क मधेच गेलं तर चढत असलेली फाइल जिथे तुटली तिथून पुढे सुरू होते की पुन्हा पहिल्यापासून? पोचल्याची पावती वेळेसकट मिळते का? तपासलेली उत्तरपत्रिका शेऱ्यासकट परत येते, की नुसता आकडा येतो? जुन्या प्रणालीतल्या शंका वाचता येतात का? यांतलं काहीही महागडं नाही. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये तर फोनला नेटवर्क नसतानाही चाचणी सोडवता येते. प्रश्न आधी उतरवून घ्यायचे, शेतात, एसटीत, कुठेही सोडवायचे, आणि मनोरा सापडला की उत्तरं आपोआप वर जातात. फक्त त्यासाठी चाचणी तयार करताना शिक्षकाने एका रकान्यात परवानगी द्यावी लागते. तो रकाना मुळात ‘नाही’वर ठेवलेला असतो, आणि बहुतेक ठिकाणी तसाच राहतो, कारण चाचणी तयार होते ती शहरातल्या वायफायवर.